दाणा, दगड आणि दोन डोळे

२७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर चांद्रयान-३ चं प्रज्ञान हे रोव्हर थांबलं. समोर तीन मीटरवर एक खड्डा होता, चार मीटर व्यासाचा. बंगळुरूहून आज्ञा गेली, गाडी मागे वळली आणि दुसऱ्या वाटेनं निघाली. इस्रोनं त्याची दोन छायाचित्रं प्रसिद्ध केली. एकात समोरचा खड्डा दिसतो, दुसऱ्यात चाकांच्या चाकोऱ्या. देशभर ती पाहिली गेली, वर्तमानपत्रांत छापून आली, फोनवरून फिरली. माझं मन मात्र त्या बातमीतल्या दोन आकड्यांपाशी अडकलं. तीन मीटर आणि चार मीटर. तिथं टेप धरायला कोणी नव्हतं. मग हे आकडे आले कुठून?

ते कॅमेऱ्यातून आले. परग्रहावरच्या गाडीवर कॅमेरे कशासाठी बसवतात, याचं खरं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. आपण त्या कॅमेऱ्याला फोटोग्राफर समजतो. प्रत्यक्षात तो भूमापकाचं काम करतो. सुंदर चित्र मिळालं तर उत्तमच, पण त्याला आधी सांगायचं असतं ते इतकंच की दगड किती लांब आहे, किती उंच आहे आणि त्याचा खरा रंग कोणता.

हे मी कामठ्याच्या परिसरातून लिहितो आहे. गोंदिया तालुक्यातलं हे जुनं जमीनदारीचं गाव. १८१८ मध्ये इथल्या चिमणा पटेलानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. आज लोक गावाला ओळखतात ते लहरी आश्रमामुळे आणि शेजारच्या बिरसी विमानतळामुळे. ती धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता वैमानिक घडवणाऱ्या संस्थेची छोटी विमानं बांध्यांवरून घिरट्या घालतात. दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी उरकत आलेली असते, भारी धान अजून उभा असतो आणि गावोगाव मंडईच्या जत्रेची तयारी सुरू होते. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहायला हे ठिकाण परकं वाटेल. पण कॅमेऱ्यानं मोजायचं म्हणजे काय, हे ज्या यंत्रात उघड्या डोळ्यांनी पाहता येतं, ते यंत्र या पट्ट्यातल्या राईस मिलमध्ये रोज चालतं. मिलमध्ये त्याला सगळे सॉर्टेक्सच म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

धान भरडून, पॉलिश होऊन तांदूळ या यंत्राच्या माथ्यावर येतो. तिथून तो उतरत्या पन्हळींवरून एकाच थरात खाली घसरतो. पन्हळ संपते तिथं दाणा क्षणभर हवेत मोकळा पडत असतो. त्या क्षणी पुढून आणि मागून कॅमेरे त्याला पाहतात. एलईडीचा प्रकाश दोन्ही बाजूंनी पडलेला असतो. काळा, पिवळट किंवा खडूसारखा पांढुरका दाणा दिसला, की खाली असलेल्या झडपेतून हवेचा बारीक फटका बसतो आणि तो एकटा दाणा बाजूच्या वाटेला लागतो. इथला कॅमेरा आपल्या फोनसारखा अख्खी चौकट टिपत नाही. तो पिक्सेलची एकच ओळ वाचतो, सेकंदाला हजारो वेळा. दाणा खाली सरकतो आणि ओळीला ओळ लागून त्याचं चित्र तयार होतं.

मंगळावर पहिल्यांदा यशस्वीपणे उतरून काम करणाऱ्या व्हायकिंग १ यानाचे कॅमेरेही असंच ओळीओळीनं पाहत. १९७६ सालची गोष्ट. त्या कॅमेऱ्यात एक आरसा वर-खाली हलायचा आणि समोरच्या दृश्याची एक उभी पट्टी प्रकाश मोजणाऱ्या डायोडवर पाडायचा. पट्टी वाचून झाली, की कॅमेरा किंचित वळायचा आणि पुढची पट्टी घ्यायचा. मिलमध्ये दाणा हलतो आणि कॅमेरा स्थिर असतो. व्हायकिंगवर कॅमेरा वळायचा आणि मंगळ स्थिर होता. तत्त्व तेच.

मिलमधल्या ऑपरेटरचं खरं कसब यंत्र सुरू करण्यात नाही. फेकलेल्या दाण्यांच्या पेटीतून तो मूठभर तांदूळ घेतो, हातावर पसरतो आणि बघतो. त्यात चांगले दाणे जास्त आले, तर यंत्र फार कडक लावलं गेलं आहे, मालकाचा माल वाया जातो आहे. चांगल्या तांदळात काळा दाणा सापडला, तर यंत्र ढिलं आहे. काचेवर कोंड्याची धूळ बसली की सगळा हिशेब बिघडतो, म्हणून काच सतत पुसावी लागते. दिव्यांचा प्रकाश बदलला तरी तेच, म्हणून ‘पांढरं म्हणजे किती पांढरं’ हे यंत्राला ठरावीक पांढऱ्या पट्टीवरून पुन्हा पुन्हा समजावून द्यावं लागतं. कॅमेरा जे पाहतो त्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याला ओळखीची वस्तू दाखवायची, हा नियम रोव्हरवर जसाच्या तसा लागू होतो.

आधी अंतराचं पाहू.

प्रज्ञानच्या पुढच्या बाजूला दोन नॅव्हकॅम, म्हणजे वाट शोधणारे कॅमेरे, आहेत, एक डावा आणि एक उजवा. ते बंगळुरूच्या लिऑस या इस्रोच्या प्रयोगशाळेनं बनवले आणि त्यांच्या चित्रांवरची प्रक्रिया अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं केली. दोन्ही कॅमेरे एकाच वेळी एकच दृश्य टिपतात, पण थोड्या वेगळ्या जागेवरून. जवळचा दगड दोन्ही चित्रांत बराच सरकलेला दिसतो, लांबचा कमी. ही सरक पिक्सेलमध्ये मोजली, दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि भिंगाचा कोन माहीत असला, की उरतं ते शाळेतलं त्रिकोणाचं गणित.

मंगळावरच्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या नॅव्हकॅमचे आकडे घेऊन हे करून बघता येतं. त्याचे दोन डोळे सुमारे ४२ सेंटीमीटर अंतरावर आहेत. प्रत्येक चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं, ४५ अंशांचं दृश्य सामावणारं. हिशेब केला तर दहा मीटरवरचा दगड दोन चित्रांत सुमारे ५१ पिक्सेल सरकलेला येतो, शंभर मीटरवरचा अवघा ५ पिक्सेल. आता जुळवणीत एका पिक्सेलची चूक झाली, तर दहा मीटरवर ती साधारण २० सेंटीमीटरची ठरते, पण शंभर मीटरवर तीच चूक साधारण २० मीटरची होते. अंतर दहापट वाढलं की चूक शंभरपट वाढते. रोव्हर थोडं चालून का थांबतं, पुन्हा का बघतं, याचं मूळ कारण या गणितात आहे.

प्रज्ञानची चाल सेकंदाला सुमारे एक सेंटीमीटर. ते पृथ्वीशी थेट बोलत नव्हतं. त्याची चित्रं आधी त्याला चंद्रावर घेऊन उतरलेल्या विक्रम लँडरकडे जायची, तिथून पृथ्वीवर. इथं त्या जोडचित्रांतून जमिनीचा उंच-सखलपणा दाखवणारा त्रिमितीय नकाशा तयार व्हायचा. त्यावर माणसं बसून वाट आखत आणि मग आज्ञा परत जाई. चंद्रापर्यंत संदेश पोचायला सव्वा सेकंद लागतो, वेळ खाते ती ही सगळी खटपट. दहा-बारा दिवसांत प्रज्ञान शंभर मीटरपेक्षा थोडं जास्त चाललं. काही जणांना हा आकडा किरकोळ वाटला. मला वाटतं, तो आकडा किती वेळा थांबून, बघून, मोजून पाऊल टाकलं गेलं याचा आहे आणि त्याच नजरेनं तो वाचायला हवा.

तिथली उन्हं आणखी एक अडचण घालतात. विक्रम उतरलं ती जागा ६९ अंश दक्षिणेला आहे. तिथं सूर्य क्षितिजापासून एकवीस-बावीस अंशांच्या वर चढतच नाही, म्हणजे दिवसभर आपल्या संध्याकाळसारखं तिरपं ऊन. तिरप्या उन्हात प्रत्येक खड्याला सावली मिळते आणि त्या बारीक नक्षीमुळे दोन चित्रांतला नेमका तोच बिंदू शोधणं संगणकाला सोपं जातं. पण चंद्रावर हवा नाही. आपल्याकडे आभाळाचा प्रकाश सावलीतही झिरपतो, झाडाखाली बसूनही पेपर वाचता येतो. तिथली सावली जवळजवळ काळीठिक्कर. सावलीत नक्षी नाही, नक्षी नाही तर जुळणी नाही आणि जुळणी नाही तर नकाशात तेवढं भगदाड. म्हणून समोरचा खड्डा किती खोल आहे हे कळण्याआधी तो टाळणं हाच शहाणपणा ठरतो.

प्रज्ञानची चित्रं रंगीत का नाहीत, असं अनेकांनी विचारलं होतं. रंगीत संवेदकावर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. एक पिक्सेल एकच रंग पाहतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. त्यात थोडी धार जाते. वाट शोधायला धार लागते, रंग लागत नाही. चंद्रावरच्या मातीत पाहण्यासारखे रंगही थोडेच. तिची रासायनिक ओळख पटवायला प्रज्ञानवर लेझरचं आणि क्ष-किरणांचं अशी दोन वेगळी उपकरणं होती.

या सगळ्याची सुरुवात बघायची तर १७ नोव्हेंबर १९७० पर्यंत मागे जावं लागतं. सोव्हिएत संघाचं लुनोखोद १ त्या दिवशी चंद्रावर उतरलं. दुसऱ्या जगावर चाललेलं ते पहिलं रोव्हर. क्रिमियातल्या केंद्रात पाच जणांचा चमू पडद्यासमोर बसून ते चालवायचा. चलचित्र नव्हतंच. एकेक स्थिर चौकट यायला तीन ते वीस सेकंद लागत. त्या मधल्या वेळात गाडी पुढे सरकलेली असे आणि चालकाला मागची चौकट मनात धरून पुढचा अंदाज बांधावा लागे. तसं करत लुनोखोद १ दहा किलोमीटरवर चाललं. त्या पाच जणांच्या डोळ्यांना जो ताण पडला असेल, तोच आता दोन कॅमेरे आणि एक नकाशा उचलतात.

आता रंग. इथं गोष्ट जास्त नाजूक आहे.

व्हायकिंग १ मंगळावर उतरलं २० जुलै १९७६ ला. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं. घाईत तयार केलेल्या त्या आवृत्तीत मंगळाचं आभाळ निळसर दिसत होतं. जगभर ते पोचलं, लोकांना आवडलं, कारण ते आपल्या आभाळासारखं होतं. मग शास्त्रज्ञांनी यानावरच्या ठरावीक रंगांच्या पट्ट्यांशी ताळा जमवला. त्या पट्ट्यांचे रंग पृथ्वीवर मोजलेले होते. चित्रातल्या पट्ट्या त्या मापाला आणल्या, तेव्हा आभाळ गुलाबी-पिवळसर निघालं. मंगळाच्या हवेत तरंगणारी बारीक धूळ निळा प्रकाश शोषते, त्यामुळे दिवसा आभाळ तांबूस दिसतं आणि सूर्याभोवती मात्र मावळताना निळसर तेज पसरतं. क्युरिऑसिटीनं एप्रिल २०१५ मध्ये तो निळा सूर्यास्त रंगीत टिपला. एक रंगपट्टी नसती, तर एका ग्रहाचं आभाळ आपण कोण जाणे किती काळ चुकीच्या रंगात पाहत राहिलो असतो.

त्यानंतर मंगळावर गेलेल्या प्रत्येक मोठ्या रोव्हरच्या पाठीवर अशी एक तबकडी असते. मध्ये छोटी उभी दांडी, तिची सावली पडावी म्हणून. भोवती राखाडीच्या वेगवेगळ्या छटांची कडी, कोपऱ्यांत रंग. सावलीतल्या भागावरून आभाळातून येणारा प्रकाश कळतो, उन्हातल्या भागावरून थेट सूर्याचा. पण मिलच्या काचेवर जसा कोंडा बसतो, तशी या तबकडीवर मंगळाची धूळ बसते आणि तिथं पुसायला हात नाही. ही धूळ चुंबकाला चिकटते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. कोपनहेगन विद्यापीठाच्या मंडळींनी तबकडीत कडीसारखे चुंबक बसवले. धूळ कडीवर गोळा होते आणि कडीच्या आतली जागा बरीचशी स्वच्छ राहते. मला हा सगळ्या रोव्हरमधला सर्वांत देखणा उपाय वाटतो. मोटर नाही, तार नाही, वीज नाही. शत्रूचाच स्वभाव ओळखून त्याला बाजूला बसवलं आहे.

मंगळाचे फोटो नासा दोन रूपांत प्रसिद्ध करते. एकात दृश्य तिथल्या तांबूस उजेडात जसं दिसेल तसं, दुसऱ्यात पृथ्वीवरच्या उन्हात ठेवल्यासारखं. दुसरं रूप लोकांना फसवण्यासाठी केलेलं असतं, असे आरोप मी अनेकदा वाचले आहेत. त्याचं कारण वेगळं आहे. भूवैज्ञानिकाचा डोळा पृथ्वीच्या उन्हात तयार झालेला असतो. या भागातलंच उदाहरण देतो. शेजारच्या आमगावच्या नावानं ‘आमगाव नाइस’ हा खडक भूविज्ञानात ओळखला जातो. तो अडीच अब्ज वर्षांपलीकडचा, मध्य भारताच्या पायाचा दगड. त्यातले फिकट आणि गडद पट्टे पाहून अनुभवी माणूस खनिजं सांगतो. तोच दगड तांबड्या बल्बखाली ठेवला, तर त्यालाही सांगता येणार नाही. मंगळाचा उजेड पुसून दगड आपल्या उन्हात आणणं म्हणजे त्याला ओळखण्याची न्याय्य संधी देणं.

विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला लोणार आहे. बेसाल्ट खडकात उल्कापातानं झालेलं विवर म्हणून त्याच्यावर १९७३ साली ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि चंद्र-मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला जगभरचे अभ्यासक तिथं येऊ लागले. दूरच्या ग्रहावरच्या चित्राचा अर्थ लावायला हाताशी असा ओळखीचा दगड लागतोच.

मेगापिक्सेलचा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, तेव्हा त्याचंही सांगून टाकतो. २०११ च्या नोव्हेंबरात क्युरिऑसिटी निघालं, त्या वेळी बाजारात आठ मेगापिक्सेलचे फोन मिळत होते. त्याच्या मुख्य मास्टकॅम कॅमेऱ्यांचा संवेदक १६०० बाय १२०० पिक्सेलचा, म्हणजे दोन मेगापिक्सेलचा होता. हे कॅमेरे सॅन डिएगोच्या मालिन स्पेस सायन्स सिस्टिम्सनं बनवले. आराखडा २००४ च्या सुमाराचा, चार वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना एकच संवेदक वापरायचा ठरलेला आणि झूम भिंगाचा बेत वेळेअभावी सोडून दिलेला. म्हणून एक डोळा ३४ मिलिमीटरचा, दुसरा १०० मिलिमीटरचा, दोन्ही ठरावीक. तरीही १०० मिलिमीटरच्या डोळ्याचा एक पिक्सेल एक किलोमीटरवर साडेसात सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी जागा व्यापतो. कामठ्याच्या शिवारात उभं राहिलं, तर किलोमीटरभर लांबच्या धुऱ्यावर ठेवलेला विळा त्याला एक-दोन नव्हे, चार-पाच पिक्सेलांत दिसेल.

आणि मोठं चित्र काढलं तरी पाठवणार कसं? क्युरिऑसिटीवरून थेट पृथ्वीवर येणारा संदेश फार संथ असतो. म्हणून डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाकडे माहिती सोडली जाते. तो उपग्रह एका फेरीत आठेक मिनिटंच नजरेच्या टप्प्यात असतो आणि तेवढ्यात १०० ते २५० मेगाबिट जातात, म्हणजे फार तर तीसेक मेगाबाइट. लग्नाचा एखादा व्हिडिओ फोनवर यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे रोव्हर आधी टिकलीएवढी छोटी चित्रं पाठवतं, शास्त्रज्ञ ती बघून निवड करतात आणि मग निवडलेल्यांचीच पूर्ण प्रत मागवतात. बाकीची रोव्हरच्या स्मृतीत वाट बघत राहतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर वाट शोधणारे कॅमेरे २० मेगापिक्सेलचे आणि रंगीत आहेत आणि मास्टकॅम-झेडला दोन्ही डोळ्यांत झूम मिळालं, २६ ते ११० मिलिमीटर. रोव्हर आणि त्याला उतरवणारी यंत्रणा मिळून २३ कॅमेरे गेले. तिथवर जाण्यात सीमॉस संवेदकाचा मोठा वाटा आहे. त्याचं आजचं रूप नव्वदच्या दशकात एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी नासाच्याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत घडवलं, यानांवरचे कॅमेरे लहान आणि कमी वीज खाणारे व्हावेत म्हणून. कामठ्याच्या आठवडी बाजारात ज्या फोनवर कोणी पैसे देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करतं, त्या फोनचा डोळा त्याच कुळातला आहे.

जवळून बघण्याचं काम क्युरिऑसिटीच्या हाताच्या टोकावरचा माहली हा कॅमेरा करतो. दगडापासून दोन सेंटीमीटरवर नेला, तर त्याचा एक पिक्सेल सुमारे १४ मायक्रॉनचा, म्हणजे बारीक रेतीचा कण त्यात मोजता येतो. त्याच्या मापपट्टीवर १९०९ सालचं एक खरं अमेरिकन सेंटचं नाणं बसवलेलं आहे. खडकाचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवायचं, ही जगभरच्या भूवैज्ञानिकांची सवय. नाण्याचा आकार सगळ्यांना माहीत, म्हणून खडकातला कण किती मोठा ते लगेच कळतं. मंगळावर त्या नाण्यावर काही वर्षांत धूळ चढली, तीही चित्रांत दिसली.

असं मोजमाप काय देऊ शकतं, ते सप्टेंबर २०१२ मध्ये दिसलं. क्युरिऑसिटी उतरून दोन महिनेही झाले नव्हते. मास्टकॅमला ‘हॉटा’ नावाच्या उघड्या खडकात सिमेंटमध्ये बसवल्यासारखे गोटे दिसले. गोल, गुळगुळीत. काही वाळूच्या कणाएवढे, काही गोल्फच्या चेंडूएवढे. अंतर माहीत, पिक्सेलचं माप माहीत, म्हणून प्रत्येक गोट्याचा आकार मोजता आला. इतके मोठे खडे वारा उचलू शकत नाही. गोलाई येण्याइतके ते घासत, गडगडत आले असतील, तर पाण्यातूनच. आकारांवरून पाण्याचा वेग निघाला सेकंदाला सुमारे एक मीटर आणि खोली घोट्यापासून कमरेपर्यंत. गोंदिया-बालाघाटच्या सीमेवरून वाहणाऱ्या बाघ नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उतरलं, की पायाखाली असेच गोटे येतात. कोरड्या मंगळावर एकेकाळी नदी वाहिली, हे तिथला दगड हातात न घेता, फक्त फोटोतल्या गोट्यांची मापं घेऊन सांगता आलं.

इतक्या लांब बसवलेला डोळा बिघडला, तर काय करायचं? २०१४ च्या अखेरीस क्युरिऑसिटीच्या केमकॅम या उपकरणाचा फोकस साधणारा छोटा लेझर बंद पडला. दुरुस्तीला कोणी जाणार नव्हतं. टीमनं वेगवेगळ्या फोकसला चित्रं घेऊन त्यातलं सर्वांत स्पष्ट निवडायला रोव्हरलाच शिकवलं आणि २०१५ मध्ये तो प्रोग्राम वर पाठवला. उपकरण पुन्हा कामाला लागलं. बिघडलेला भाग आजही तसाच बंद आहे.

शाळांमधून चांद्रयानाची चित्रं भिंतींवर लागली, भाषणं झाली, २३ ऑगस्ट आता अंतराळ दिवस म्हणून पाळला जातो. हे सगळं चांगलंच आहे. माझं म्हणणं इतकंच की त्या चित्रांतून मुलांना मोजायलाही द्यावं. एक फोन टेबलाच्या कडेला ठेवून बांधीतल्या धानाच्या पुंजण्यांचा एक फोटो घ्यायचा, मग तोच फोन कडेनं ४० सेंटीमीटर सरकवून दुसरा. दोन्ही फोटोंत जवळचं आणि लांबचं पुंजणं किती सरकलं ते पट्टीनं मोजायचं आणि नंतर खरं अंतर टेपनं तपासायचं. कुठं चूक वाढते ते मुलांना स्वतःच कळेल. प्रज्ञानचे दोन डोळे यापेक्षा वेगळं काही करत नव्हते.

त्यांनी टिपलेलं विक्रमचं त्रिमितीय चित्र इस्रोनं ५ सप्टेंबर २०२३ ला प्रसिद्ध केलं आहे. डाव्या कॅमेऱ्याचं चित्र लाल रंगात, उजव्याचं निळ्या-हिरव्यात, एकावर एक. ते बघायला महागडा चष्मा लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत लाइटवर लावतात तो जिलेटीन कागद लाल आणि निळा असा घ्यायचा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवायचा. लाल डाव्या डोळ्यापुढे येईल, एवढी काळजी घ्यायची. अदलाबदल झाली तर खोली उलटी दिसते आणि चंद्रावरचा खड्डा उंचवट्यासारखा वर येतो.